आधीचं पचलं का?

पूर्वी जेवणाच्या टेबलावर मधोमध लोणच्याची बरणी असे. शेजारी तुपाचं भांडं, दाण्याची चटणी, फार तर मेतकूट. हल्ली कुठल्याही सोसायटीत, कुठल्याही मजल्यावर जेवायला जा, त्या जागी एक वेताची परडी दिसते. परडीत इसबगोलाचा डबा, त्रिफळा चूर्णाची बाटली, हिंग्वाष्टक, लवणभास्कर, कुणीतरी केरळहून आणलेलं कसलंसं अरिष्ट, आणि या सगळ्यांवर आडवी पडलेली ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी कापलेली पट्टी. वाढून झालं की यजमान आपुलकीने विचारतात, "त्रिफळा देऊ का?" पाहुणेही संकोचत नाहीत. "नको, आमचं रात्री झोपताना असतं, कोमट पाण्यातून," असं म्हणून ते दुसऱ्यांदा छोले घेतात.

"आयुर्वेदात सांगितलंय" एवढं म्हटलं की मराठी घरात पुढे कुणी "कुठे?" म्हणून विचारत नाही. सासूबाई म्हणाल्या तर मुळीच नाही. पण सांगितलंय हे खरं, आणि कुठे तेही दाखवता येतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, जेवावं कसं याचे नियम दिले आहेत. गरम जेवावं, तुपातेलाचा हात लागलेलं जेवावं, बेताने जेवावं. घाई नको, रेंगाळणं नको, बडबड नको, खिदळणं नको, लक्ष ताटात असावं. आणि या सगळ्यात एक साधीशी अट आहे: आधीचं पचल्यावर जेवावं. बाकीच्या आयुर्वेदावर आपण तावातावाने बोलतो, या एका अटीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. कारण उघड आहे. ती पाळायची तर निम्मा दिवस खायलाच मिळणार नाही.

आपला प्रश्न कायम एकच असतो, काय खाऊ? नाचणी की ज्वारी, गाईचं तूप की म्हशीचं, बदाम भिजवून की सोलून. ग्रंथाचा पहिला प्रश्न असा की बाबा रे, तुला भूक लागली आहे का? या प्रश्नाचं खरं उत्तर शहरातल्या माणसाला देता येत नाही, कारण त्याला भूक लागायची संधीच कुणी देत नाही.

सकाळपासून पाहा. टेकडीवरून घामाघूम होऊन उतरलेले काका पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवतात आणि वाफाळत्या पाण्यात लिंबू पिळून चमचाभर मध ढवळतात. चेहऱ्यावर असा भाव की आजच्या दिवसाचं आरोग्य खात्यात जमा झालं. आता मध तापवू नये, गरम वस्तूत मिसळू नये, आणि उन्हाने किंवा उष्णतेने तापलेल्या माणसाने तर तो घेऊच नये, हे चरक, सुश्रुत, वाग्भट तिघेही सांगून गेले. काकांनी एका पेल्यात दोन नियम मोडले आणि तेही आयुर्वेदाच्या नावाने. त्यांना हे सांगायला जाऊ नये. मी एकदा सांगताना दुसऱ्या एकाला पाहिलं आहे. काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "मध ऑरगॅनिक आहे."

ऑफिसात अकरा वाजता कुणाचा तरी वाढदिवस असतो. साठ माणसांच्या मजल्यावर दर आठवड्याला कुणीतरी जन्मलेलं असतंच. कागदी बशीत केकचा तुकडा, एक सामोसा, मूठभर वेफर्स. आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं याला आयुर्वेदात अध्यशन म्हणतात, पथ्य आणि अपथ्य एकत्र करून खाणं याला समशन, आणि अवेळी, कमीजास्त खाणं याला विषमाशन. घरून पोहे खाऊन निघालेला माणूस अकरा वाजता केक खातो आणि वर "मी शुगर कमी केलीय" म्हणून बिनसाखरेचा ग्रीन टी पितो, तेव्हा एका कागदी बशीत तिन्ही प्रकार साधतात. त्यातून सुटका नाही. नको म्हटलं की टीममध्ये मिसळत नाही असा शेरा बसतो, आणि शेऱ्याला चूर्ण नाही.

रात्रीचा कारभार ॲपच्या हातात गेला आहे. पूर्वी काही खावंसं वाटणं आणि ते तोंडात पडणं यांच्यामध्ये बराच वेळ जाई. डबे उघडा, कांदा चिरा, स्टोव्हला पंप मारा. कांदा चिरेपर्यंत खोटी भूक निघून जायची, उरायची ती खरी. आता दहा मिनिटांत माणूस दारात येतो, त्यामुळे भुकेला खरं-खोटं करायला वेळच मिळत नाही. गंमत अशी की चरकांचा प्रश्न आज रोज विचारतं ते ॲपच. रात्री पावणेअकराला फोन थरथरतो, "भूक लागली आहे ना?" प्रश्न तोच, पण विचारणाऱ्याला उत्तर एकच हवं आहे.

आणि ताटात लक्ष? बाप क्रिकेट बघतोय, मुलगी मालिका बघतेय, आणि आई खिचडी खाता खाता फोनवर कुणीतरी बटर चिकन करतंय ते बघतेय. मन अन्नात आहे हे नाकारता येत नाही. फक्त ते दुसऱ्याच्या.

यावर उपाय म्हणून २०१८च्या सुमारास महाराष्ट्राने आपली जुनी हौस भागवून घेतली, म्हणजे दोन तट पाडले. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांचं म्हणणं, कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा आणि दर वेळी ५५ मिनिटांच्या आत आटपा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते आवर्जून सांगत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. त्यांचं म्हणणं, थोडं थोडं खा, दर दोनेक तासांनी खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. लग्नात, बारशात, अगदी बाराव्यालासुद्धा माणसं एकमेकांना विचारत होती, "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" सोयरिकीत पत्रिकेनंतर हेच बघतील अशी वेळ आली होती.

दोघांचं ऐकणाऱ्यांनी कसं ऐकलं तो खरा मामला आहे. दीक्षितांच्या वाक्यातली कडकडून लागलेली भूक वगळली गेली आणि ५५ मिनिटं राहिली. एका लग्नात एक गृहस्थ हातातल्या घड्याळावर टायमर लावून पंक्तीत बसले होते. चोपन्नाव्या मिनिटाला त्यांनी श्रीखंडाची वाटी मागवली आणि ती ज्या वेगाने संपवली तो बघून वाढप्याने भांडं खाली ठेवलं. दिवेकरांच्या वाक्यातलं "थोडं" गळालं आणि "दर दोन तासांनी" तेवढं राहिलं. पुढे दोन्ही गटांत समेट झाला. दुपारी दीक्षित, रात्री दिवेकर.

आयुर्वेदाच्या बाबतीत आपली रीत अशीच आहे. सीए आयकराचा कायदा वाचतो तसे आपण ग्रंथ वाचतो, सवलत कुठल्या कलमात आहे ते बघायला. आणि ग्रंथकार दयाळू असल्यामुळे सवलती आहेत.

शिकरणाचंच घ्या. दूध आणि केळं हा चरकांच्या विरुद्ध आहाराच्या यादीत बसणारा संयोग. म्हणजे पुण्यातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या चैनीवरच फुली. आता समोर प्रश्न आला, चरक खरे की आजी? तेव्हा कुणीतरी शोधून काढलं की त्याच अध्यायात पुढे सूट दिली आहे. जे अंगवळणी पडलं आहे, जे थोडंच खाल्लं आहे, ज्याचा अग्नी प्रखर आहे, जो तरुण आहे, जो व्यायाम करतो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. झालं. "आम्हाला सात्म्य आहे हो, तीन पिढ्यांपासून!" असं म्हणून पंचावन्न वर्षांचे, लिफ्टशिवाय पहिला मजला न चढणारे गृहस्थ फ्रूट सॅलडच्या काउंटरकडे वळतात. यादीतलं पहिलं कलम त्यांनी वाचलं, बाकीची चार सोडून दिली. मालवणी मंडळींना ही कसरतही करावी लागत नाही. दूध आणि मासे एकत्र नकोत असं सांगितलं की ते हसतात. त्यांच्या तिखल्यात दूध नसतंच, आणि सार असेल तर ते नारळाचं. शिवाय वर सोलकढी आहे, म्हणजे औषध जेवणातच आलं.

लग्नाच्या बुफेत जाऊन सरळ गुलाबजामांपुढे उभ्या राहणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. ती ठेवू नयेत. सुश्रुतांनी जेवणाचा क्रम सांगितला आहे तो असाच: आधी गोड, मध्ये आंबट आणि खारट, शेवटी तिखट, कडू, तुरट. गोड शेवटी घेणारे आपणच चुकलो. अर्थात गरम गुलाबजामावर थंडगार आइस्क्रीमचा गोळा बसवणाऱ्याला सुश्रुत वाचवणार नाहीत.

आणि दुपारची झोप! दिवसा झोपू नये, उन्हाळा तेवढा अपवाद, असा चरकांचा दंडक आहे. जेवल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं ती वामकुक्षी. तीत घोरणं बसत नाही. हे पुण्यात जाहीरपणे सांगणं धोक्याचं आहे. पण इथेही अपवादांची यादी आहे, आणि ती वाचताना चरक कधीतरी सदाशिव पेठेत राहून गेले असावेत असा संशय येतो. गाण्याने दमलेला, अध्ययनाने दमलेला, मद्याने शिणलेला, ओझं वाहून थकलेला, प्रवासाने थकलेला, म्हातारा, बालक. आणि यांच्याबरोबर अजीर्ण झालेला. म्हणजे जेवताना हात आखडता घेतला तर झोपायला बंदी आणि चारदा पुरणपोळी घेतली तर परवानगी. असा कायदा असल्यावर माणूस नियमाने वागेल कशाला?

आमचे मेहुणे हिंजवडीत असतात. म्हणजे राहतात कोथरूडला, पण असतात हिंजवडीत. छातीत जळजळ, पोट गच्च, सकाळी उठल्यावर जिभेवर पांढरा थर. गोळ्या घेऊन झाल्या. एका रविवारी त्यांच्याबरोबर वैद्यबाईंकडे गेलो. वैद्यबाई तरुण होत्या, पण प्रश्न चांगले दोनेक हजार वर्षं जुने विचारत होत्या.

"ढेकर येतो?"

"येतो."

"कसा?"

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या धन्वंतरीकडे बघितलं.

"म्हणजे रिकामा येतो, की जेवणाची चव घेऊन येतो? आंबट? जळजळीत? जेवणानंतर किती वेळाने?"

"संध्याकाळी सहाला दुपारच्या राजम्याचा येतो," मेहुणे हळूच म्हणाले.

"आणि सातला तुम्ही काय खाता?"

"भेळ. पण लाइट."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आवाजात कसलाही फरक न करता विचारलं, "शौचाला पाण्यात बुडतं की तरंगतं?"

मेहुणे रोज सकाळी कंपनीच्या तीन देशांतल्या कामाचे तक्ते पडद्यावर बघतात, लाल कुठे, हिरवा कुठे, सगळं तोंडपाठ. इथे मात्र त्यांना सांगावं लागलं की पाहिलं नाही.

"पाहत जा. आम, म्हणजे न पचलेलं, असलं की जड होतं, बुडतं," बाई म्हणाल्या. "आणि कॉलवर असताना कळ आली तर?"

"दाबून ठेवतो. क्लायंट असतो ना."

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. अडवू नयेत असे तेरा वेग चरकांनी सांगितले आहेत, मलमूत्रापासून शिंक, जांभई, ढेकर, भूक, तहान, झोप, रडूपर्यंत. मेहुण्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मनात मोजताहेत आणि त्यांच्या कंपनीत यांतल्या जांभईलाच काय ती थोडीफार मुभा आहे, तीही कॅमेरा बंद असेल तर.

पथ्य सांगायला सुरुवात झाली आणि मेहुणे सावरून बसले. वाटाघाटी हा त्यांचा प्रांत.

"रात्रीचं जेवण आठच्या आत."

"आठच्या आत सुरू की आठच्या आत संपलेलं?"

"संपलेलं. रात्री दही बंद."

"ग्रीक योगर्ट?"

"तेही दहीच."

"बरं, शनिवारी?"

"शनिवारी तुमचं पोट हिंजवडीत ठेवून येता का?"

मेहुणे गप्प बसले. मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. आधीचं पचलं हे ओळखायचं कसं? ढेकर स्वच्छ येतो, त्याला कसलीही चव नसते. अंग हलकं वाटतं. कामाला हुरूप येतो. पोट वेळच्या वेळी साफ होतं. आणि तहान-भूक आपणहून लागते, घड्याळाने लावावी लागत नाही. एवढं झालं की जेवा, नसेल झालं तर ते जेवण सोडा. "खरं तर तुम्हाला औषधाची गरज नाही," त्या म्हणाल्या.

हे ऐकून मेहुण्यांचा चेहरा पडला. फी दिल्यावर पुडी नाही म्हणजे व्यवहार पुरा झाला नाही. बाईंना माणसं कळत असावीत. त्यांनी हिंग्वाष्टकाची बाटली पुढे केली: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग, अशा आठ जिनसांचं चूर्ण. पहिल्या घासाला तुपातून घ्यायचं. मेहुण्यांनी ते अक्षरशः पाळलं. त्याच रात्री साडेदहाला पिझ्झा आला तेव्हा त्यांनी पहिल्या तुकड्यावर चीज आहेच म्हणून तूप सोडलं आणि चूर्ण मात्र सढळ हाताने भुरभुरवलं. ओव्यामुळे वास अगदी ओरेगानोचा आला म्हणे. आता त्यांच्या मुलांनाही लागतं.

यावर जुन्या लोकांनी मान हलवून "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणायचं काही कारण नाही. त्यांच्या वेळी पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागत. ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावर वाढत. आग्रहाला बळी पडून कोपऱ्यात लोळणारे आजोबा प्रत्येक घराण्यात होऊन गेले. मात्रेचा नियम तेव्हाही कुणी पाळत नव्हतं. फरक इतकाच की अशी पंगत वर्षातून दहा वेळा असे, आणि उरलेल्या दिवसांत भाकरी, पिठलं आणि ताक. शिवाय रविवारी सकाळी आजी हातात एरंडेलाचा चमचा घेऊन दारात उभी राहायची आणि नाक दाबून घरातल्या सगळ्या पोरांचा हिशेब एकदम मिटवायची. त्या चमच्याला सवलत नव्हती.

आणि ज्याला आपण पारंपरिक म्हणून छातीशी धरतो ते तरी चरकांच्या ओळखीचं कुठे आहे? मिरची, बटाटा, टोमॅटो आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुळलेली. त्याआधी तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. त्यामुळे मिसळ वातूळ की पित्तकर, बटाटेवडा गुरू की लघू, याचा निवाडा ग्रंथात मिळत नाही. तरी मुंबईकराला एक समाधान आहे. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर वडापाव सुरू केल्याचं श्रेय ज्यांना देतात ते अशोक वैद्य. वैद्यांनीच दिलाय म्हटल्यावर खायला हरकत नसावी.

लंघन हे मंदाग्नीवरचं सगळ्यात स्वस्त औषध. त्याला चूर्ण लागत नाही, ॲप लागत नाही. पण ते नेमकं आपल्याला जमत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपणच आपल्याबद्दल म्हणून ठेवलं आहे. साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, वर खजूर. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं असतं ते वेगळंच. आणि उपवास नसलेल्या दिवशी नुसतं न जेवणं तर आपल्याकडे गुन्ह्यातच जमा होतं.

मेहुण्यांनी तोही प्रयोग केला. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडेच होतो. ताटं मांडली गेली तेव्हा ते सोफ्यावरूनच म्हणाले, "मला आज भूक नाही."

घरात शांतता पसरली. वहिनींनी गॅस बारीक केला. सासूबाईंनी येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ऑफिसात काही बोलले का तुला?"

"नाही गं आई. दुपारचं पचलं नाहीये अजून. भूक नाही, बस."

"दादा, मी आणलेली भाजी आवडली नाही का तुला?" आमच्या हिने विचारलं.

"अहो, नोकरीचं काही आहे का? मला सांगा," वहिनी म्हणाल्या.

"वैद्यबाईंनीच सांगितलंय, भूक नसेल तर जेवू नका म्हणून."

"त्यांना सांगायला काय जातंय! त्यांना थोडीच तुझ्या तोंडाकडे बघायचंय," सासूबाई म्हणाल्या. "मऊ भात करू का, मेतकूट घालून?"

"नको."

"दोन घास दहीभात?"

"रात्री दही बंद आहे."

"अरे, रात्री उपाशी झोपलं की चिमणीएवढं मांस कमी होतं." मेहुण्यांच्या अंगावर अशा थव्याच्या थव्याला पुरेल एवढी शिल्लक होती, पण आईला ती कुठली दिसणार? सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजचं दार उघडल्याचा, मग वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला. "बरं, जेवू नकोस तू. जबरदस्ती नाही. एवढं वाटीभर शिकरण तेवढं खा आणि झोप."

मेहुण्यांनी वाटी हातात घेतली, एकदा बघितली आणि मला विचारलं, "हे सात्म्य आहे ना आपल्याला?"